फोन तीन मिनिटांत संपवा आणि ग्राहकाचं मनही जिंका! आरोग्य विम्याच्या कस्टमर केअरमध्ये नक्की काय बदलावं?

हेडफोनधारी

वाचनमात्र म्हणून बरीच वर्षं काढली, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी एका आरोग्य विमा कंपनीच्या कस्टमर केअरमध्ये टीम लीडर आहे. टीममध्ये कागदावर चौदा जण, प्रत्यक्षात रोज हजर अकरा. गर्दीच्या वेळी अर्ध्या तासात शंभरेक फोन येतात आणि प्रत्येक फोन तीन मिनिटांत आटपायचा असा दंडक आहे. फोन करणारे बहुतेक जण हॉस्पिटलच्या काउंटरवरून, नाहीतर तिथून नुकतेच घरी येऊन बोलत असतात. मनःस्थिती काय असेल ते वेगळं सांगायला नको.

आता वरून दोन फर्मानं सुटली आहेत. एक, ग्राहकसेवा सुधारा. दोन, कर्मचाऱ्यांची 'एंगेजमेंट' (म्हणजे कामात जीव रमणं) वाढवा. दोन्हीसाठी वेगवेगळ्या समित्या आणि दोन्हींची बैठक एकाच वेळी, त्यामुळे मला एकीलाच जाता येतं. मागच्या वर्षी एंगेजमेंटचा सर्व्हे झाला. गुण कमी आले म्हणून फुगे लावले, टी-शर्ट वाटले आणि 'महिन्याचा तारा' म्हणून एकीचा फोटो भिंतीवर चढवला. ताऱ्याने पुढच्याच महिन्यात राजीनामा दिला. फोटो अजून तिथेच आहे, कारण तो उतरवण्याचा अधिकार कुणाचा हे ठरलेलं नाही.

दोन आठवड्यांत मला सूचना लिहून द्यायच्या आहेत. माझं म्हणाल तर, माझ्या टीममधली पोरं वाईट बोलत नाहीत. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. ग्राहकाला ॲपवर 'क्लेम प्रक्रियेत आहे' एवढंच दिसतं म्हणून तो फोन करतो. आमच्या स्क्रीनवरही 'क्लेम प्रक्रियेत आहे' एवढंच दिसतं. ते आम्ही त्याला गोड आवाजात वाचून दाखवतो.

तुम्ही ग्राहक असा, या धंद्यातले असा, काउंटरच्या कुठल्याही बाजूला असा, काय बदलायला हवं ते सांगा. पोस्टर सोडून काहीही चालेल.

खवचट_खंडू

धागा आवडला असेल तर नऊ किंवा दहा द्या हं सर. आठ दिलेत तर आमच्यात धरत नाहीत.

हेडफोनधारी

@खंडू, हसू नका, आमच्याकडे खरंच हेच वाक्य शिकवतात. "आमची शिफारस किती कराल, शून्य ते दहा" हा प्रश्न २००३ मध्ये रायकहेल्ड नावाच्या सल्लागाराने पुढे आणला. त्याच्या हिशेबात नऊ-दहावाले आपले, सात-आठवाले ना इकडचे ना तिकडचे, सहापर्यंतचे विरोधात. मूळ हेतू चांगलाच असावा. आता क्लेम मंजूर झालेल्यांनाच तो एसएमएस जाईल अशी व्यवस्था झाली आहे.

मुक्ता_पूर्वीची_एजंट

मी दोन वर्षं हेच काम केलं, मग सोडलं. का सोडलं ते लिहिते.

आमच्याकडे फोनवरची शांतता मोजायचे. ठरलेल्या सेकंदांपेक्षा जास्त वेळ दोन्हीकडून आवाज आला नाही की क्वालिटीवाले गुण कापायचे. एकदा एका बाईंचा फोन आला. नवरा पहाटे गेला होता, बिलाची अंतिम मंजुरी अडकली होती, मृतदेह ताब्यात मिळत नव्हता. बोलता बोलता त्या थांबल्या. मीही थांबले. हेडफोनमधून मागे कुठेतरी ट्रॉलीची चाकं तेवढी ऐकू येत होती. किती वेळ गेला मला माहीत नाही, मशीनला माहीत होतं. मग त्याच म्हणाल्या, "बोला ताई, कुठला नंबर सांगू?"

चार दिवसांनी शेरा आला. 'एजंटने संभाषणावरील नियंत्रण गमावले. समारोपाचे वाक्य म्हटले नाही.' समारोपाचं वाक्य होतं, "आपला दिवस आनंदात जावो."

गुण गेले त्याचं काही नाही. पण शेरा लिहिणाऱ्याने तो फोन अथपासून इतिपर्यंत ऐकला होता. मी त्याला गाठून विचारलं तर बिचारा म्हणाला, "मलाही कसंतरीच झालं, पण फॉर्ममध्ये दुसरा रकानाच नाही."

हेडफोनधारी, तुमच्या सूचनांमध्ये पहिली ही घाला: तो रकाना तयार करा.

संध्याछाया

मुक्ता, वाचून गलबलून आलं.

पुस्तकी_किडा

मुक्ताताई, तुम्ही लिहिलंत त्याला समाजशास्त्रात नाव आहे, 'भावनिक श्रम'. आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये ही कल्पना मांडली. त्यांनी अभ्यासाला दोन टोकाचे पेशे घेतले: विमानातल्या हवाई सुंदऱ्या आणि थकबाकी वसूल करणारे. एकीला प्रवाशाशी गोड वागण्याचा पगार, दुसऱ्याला दरडावण्याचा. दोघांनाही स्वतःला काय वाटतंय ते बाजूला ठेवून मालकाला हवी ती भावना तोंडावर आणायची असते.

विमा कंपनीच्या कस्टमर केअरवाल्याला ही दोन्ही कामं एकाच पगारात करावी लागतात. पैसे मिळणार नाहीत हे सांगायचं, आणि तेही हसून.

खवचट_खंडू

शिवाय तिसरं काम फुकट. त्याच फोनवर नवीन पॉलिसीही गळ्यात मारायची. "काका, हा क्लेम तर नाही बसत, पण आमचा एक टॉप-अप प्लॅन आहे..."

ज्योत्स्ना_क

मी ग्राहक. आईच्या खुब्याच्या ऑपरेशनचा क्लेम होता, कॅशलेस नाकारला म्हणून आधी स्वतः भरून मग परतफेडीसाठी कागद दिले. त्यानंतर मी पाच वेळा फोन केला, पाचही वेळा वेगळा माणूस. पाचही वेळा सगळं रामायण पहिल्यापासून. आई कधी पडली, कुठल्या पायावर, तुम्ही तिच्या कोण.

पाचही जण अतिशय नम्र होते, हे मुद्दाम सांगते. एकाने सांगितलं कागद अपुरे आहेत. दुसऱ्याने सांगितलं कागद पूर्ण आहेत. तिसरीने सांगितलं कागद पोचलेच नाहीत. चौथ्याने सॉरी सात वेळा म्हटलं, मी मोजलं. पाचवी थोडी उद्धटच होती, पण तिने मला थांबवून ठेवून कुणाला तरी विचारलं आणि परत येऊन सांगितलं, "मॅडम, इम्प्लांटचं स्टिकर लागतं. बिलाच्या मागे चिकटवलेलं असतं ते. तुम्ही झेरॉक्स एकाच बाजूची पाठवली आहे." संपला विषय. पैसे आले.

मला विचाराल तर पाचवीला सगळ्यात जास्त पगार द्या.

हेडफोनधारी

ज्योत्स्नाताई, त्या पाचवीला त्या दिवशी वेळेच्या हिशेबात नापास केलं असणार. दुसऱ्या विभागाला विचारायला जाणं म्हणजे फोन लांबणं. आमच्याकडे तरी तसंच आहे.

क्लेमवाला_डॉक्टर

धाग्याचा सूर बघून जरा चिडून लिहितोय, आधीच माफी मागतो. मी क्लेम विभागात आहे. एमबीबीएस होऊन इथे आलो, नातेवाईक अजून विचारतात की दवाखाना कधी टाकणार.

आता कुणीतरी म्हणेलच, "फोनवरच्या एजंटलाच क्लेम मंजूर करायचे अधिकार द्या." ते ऐकायला छान वाटतं. पण बोलणाऱ्याच्याच हातात मंजुरी दिली तर जो जास्त आरडाओरडा करेल त्याला पैसे मिळतील आणि जो भिडेखातर गप्प बसेल तो तसाच राहील. आमच्याकडे येणारा पैसा कंपनीच्या मालकाच्या खिशातला नसतो, सगळ्या विमाधारकांच्या हप्त्यांचा असतो. खोटे क्लेम येतात. एकच बिल तारीख बदलून दोनदा येतं. सात दिवस ॲडमिट असलेल्या पेशंटच्या चार्टवर सातही दिवस तेच तापमान, तेच अक्षर, तीच शाई. हे बघायला कुणीतरी थंड डोक्याचा माणूस लागतो, आणि त्याच्या कानाला हेडफोन नको.

आता आमची चूकही सांगतो, एकतर्फी नको. एका डिस्चार्ज समरीत डॉक्टरने लिहिलं होतं 'मधुमेह २/१२'. डॉक्टरांच्या लघुलिपीत खाली सात असतील तर दिवस, बावन्न असतील तर आठवडे, बारा असतील तर महिने. म्हणजे दोन महिन्यांपासून मधुमेह. आमच्या नव्या मुलाने वाचलं फेब्रुवारी २०१२. पॉलिसी त्यानंतरची. झालं, जुना आजार लपवला म्हणून क्लेम फेटाळला.

अपील माझ्याकडे आलं तेव्हा मी आधीच्या फोनच्या नोंदी काढल्या. चार फोन होते. चारही नोंदी अशा: 'ग्राहक नाराज'. रेकॉर्डिंग ऐकलं तर तो माणूस चारही वेळा स्वच्छ सांगत होता, "अहो, मला साखर निघून दोनच महिने झालेत." उत्तर पहिल्याच फोनमध्ये होतं. आमच्यापर्यंत आली ती फक्त नाराजी.

मुक्ता_पूर्वीची_एजंट

डॉक्टर, 'ग्राहक नाराज' का लिहिलं जातं ते सांगते. फोन ठेवल्यावर पुढचा फोन येईपर्यंत काही सेकंद मिळतात. तेवढ्यात कारणांच्या यादीतून एक निवडायचं. यादी लांबलचक, आणि खाली सरकवायला लागलं की वेळ गेला. त्यामुळे सगळे वरच्या दोन-तीनांतलंच निवडतात. आमच्या यादीत पहिलं होतं 'सामान्य चौकशी'. दर महिन्याला साहेब लोकांना अहवाल जायचा की ग्राहकांना प्रामुख्याने सामान्य चौकशी करायची असते.

क्लेमवाला_डॉक्टर

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. एकाच इमारतीत बसतो आपण.

रांगेचं_गणित

हेडफोनधारींनी दिलेले आकडे बघून हात शिवशिवले.

अर्ध्या तासात १०० फोन, प्रत्येकी ३ मिनिटं, म्हणजे ३०० मिनिटांचं काम. अर्ध्या तासात एक माणूस ३० मिनिटं काम करतो. म्हणजे दहा माणसांचं भरगच्च काम आहे. साहेबांना वाटतं, अकरा हजर आहेत, एक जास्तीचाच आहे की.

इथे कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतला आग्नर क्रारुप एर्लांग आठवायचा. टेलिफोनच्या वर्दळीवरचा त्याचा पहिला लेख १९०९ चा, वाट पाहण्याची सूत्रं १९१७ ची. कॉल सेंटरमध्ये किती माणसं लागतील याचा हिशेब आजही त्याच्याच सूत्राने मांडतात. फोन ठरलेल्या अंतराने येत नाहीत, झुंडीने येतात. त्यामुळे काम क्षमतेच्या जवळ गेलं की रांग हळूहळू वाढत नाही, एकदम फुगते. वरचे आकडे सूत्रात घाला:

११ माणसं असतील तर सरासरी वाट पाहणं साधारण दोन मिनिटं.
१४ असतील तर साधारण आठ सेकंद.

तीन माणसांचा फरक, दोन मिनिटांचे आठ सेकंद. तुमच्या कागदावरच्या चौदांत आणि हजर अकरांत नेमका हाच फरक आहे. आणि अकरा असताना प्रत्येक जण ९१ टक्के वेळ फोनवर असतो, चौदा असताना ७१ टक्के. साहेब काचेतून बघतात तेव्हा त्यांना दिसतं की २९ टक्के वेळ पोरं नुसती बसलीत.

सूत्रात एक गृहीतक आहे: कंटाळून फोन कुणी ठेवत नाही. प्रत्यक्षात लोक ठेवतात आणि पाच मिनिटांनी परत करतात, आधीपेक्षा जास्त चिडून.

खवचट_खंडू

म्हणजे ते "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" एर्लांगमुळे ऐकावं लागतं होय. मी उगाच कंपनीला शिव्या देत होतो.

हेडफोनधारी

@रांगेचं_गणित, साष्टांग नमस्कार. हे मी जसंच्या तसं वर पाठवणार. पण उत्तर काय येणार तेही ठाऊक आहे: नवीन भरती बंद आहे.

रांगेचं_गणित

माणसं वाढत नसतील तर फोन कमी करा. ज्योत्स्नाताईंचे पाच फोन होते, त्यातला गरजेचा एक. खरं तर तोही नको होता, पत्रात "इम्प्लांटचं स्टिकर जोडा" एवढं लिहिलं असतं तर. जॉन सेडन नावाच्या ब्रिटिश सल्लागाराने अशा फोनना वेगळं नाव दिलंय, अपयशातून उपजलेली मागणी. आपण आधी काहीतरी करायचं राहिलो किंवा चुकीचं केलं म्हणून आलेले फोन. ते वेगळे मोजा. मुक्ताताईंच्या यादीत 'सामान्य चौकशी'च्या वर 'आमच्याच चुकीमुळे आलेला फोन' असा पर्याय टाका आणि मजा बघा.

तिसऱ्या_मजल्यावरचा

मजा काही दिसणार नाही. मी सांगतो का.

मी विमा कंपनीत नाही, विमा कंपनीचे फोन घेणाऱ्या कंपनीत आहे. फोन उचलून आम्ही "नमस्कार, अमुक विमा कंपनीतून बोलतोय" म्हणतो, पण आमची पगाराची पावती दुसऱ्याच नावाची. आमच्या कंपनीला पैसे मिळतात दर फोनमागे. ग्राहकाने पाच वेळा फोन केला तर पाच फोनचे. आता सांगा, फोन कमी करण्यात आमच्या साहेबांना काय गोडी?

आणि ते एंगेजमेंटचं. सर्व्हे विमा कंपनीच्या स्टाफचा होतो. आम्हाला तो येत नाही, कारण आम्ही त्यांचे नाही. ग्राहकाच्या कानावर कंपनीचा म्हणून जो एकमेव आवाज पडतो, तो कंपनीचा नाहीच. टी-शर्टसुद्धा मिळत नाही हो.

खवचट_खंडू

यांना आधी टी-शर्ट द्या रे कुणीतरी.

एचआर_मधली_शत्रू

आयडीवरून समजलंच असेल. शिव्या द्यायच्या असतील तर सावकाश द्या, आधी ऐका.

फुगे आम्हालाही आवडत नाहीत. बजेट फुग्यांचंच मिळतं. माणसं वाढवायचं बजेट ऑपरेशन्सकडे, सॉफ्टवेअरचं आयटीकडे, पगाराचं फायनान्सकडे. उरलं काय?

'एंगेजमेंट' या शब्दाचा उगम शोधायला गेलात तर १९९० मध्ये विल्यम कान नावाच्या अभ्यासकाचा लेख सापडतो. त्याने उन्हाळी शिबिरातल्या मार्गदर्शकांचा आणि एका आर्किटेक्ट फर्ममधल्या लोकांचा अभ्यास केला होता. माणूस कामात जीव ओततो की अंग काढून घेतो हे त्याच्या मते तीन गोष्टींवर ठरतं. कामाला काही अर्थ आहे का, मनातलं बोललो तर अंगाशी तर येणार नाही ना, आणि त्या कामासाठी अंगात काही शिल्लक आहे का. या तिन्हींत फुगा कुठेच नाही, मान्य.

पण एका गोष्टीवर मुक्ताताईंशी असहमत. तो 'रकाना' तयार केला तर उद्या प्रत्येक लांबलेला फोन त्या रकान्यात जाईल. माणसं तुम्हाला वाटतात तितकी साधीभोळी नसतात, मी रजेचे अर्ज वाचते.

मुक्ता_पूर्वीची_एजंट

जाऊ दे ना मग! शेवटी रेकॉर्डिंग ऐकणारा माणूसच आहे ना? त्याला ऐकू येईल खोटं काय ते. तुम्ही लोकांनी त्या ऐकणाऱ्याचंही मशीन करून ठेवलंय. त्याला कान आहेत, पण हातात फक्त तपासायची यादी.

एचआर_मधली_शत्रू

हे मात्र पटलं. शब्द मागे घेते, रजेचे अर्ज सोडून.

दप्तरदिरंगाई

आमच्या काळी (हो, आलोच मी) एका फाइलला एक माणूस असायचा. कागद ज्याने घेतले त्यानेच तपासायचे, त्यानेच टिपण लिहायचं, चेक निघेपर्यंत फाइलवर त्याची आद्याक्षरं. ग्राहक आला की थेट त्याच्या टेबलाशी. त्यामुळे चूक कुणाची हे शोधावं लागत नसे, आणि टाळाटाळ करायलाही जरा लाज वाटे. आता काम असं कापून वाटलंय की कुणाच्याच हातात अख्खा क्लेम येत नाही. ज्याला शेवट दिसत नाही त्याला त्या कामाचं काय सोयरसुतक असणार?

ज्योत्स्ना_क

काका, पण तो टेबलवाला रजेवर गेला की महिनाभर फाइल कपाटात कुलुपबंद, किल्ली त्याच्या घरी. तेही अनुभवलंय. वडिलांच्या वेळी.

दप्तरदिरंगाई

आयडी उगाच नाही घेतला.

इतिहासजमा

अवांतर, पण राहवत नाही. सरकारी कायद्याने सक्तीचा आरोग्य विमा पहिल्यांदा आला जर्मनीत, बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली. वर्गणीचे दोन तृतीयांश कामगार भरणार, एक तृतीयांश मालक, आणि आजारनिधी चालवणाऱ्या मंडळातही साधारण त्याच प्रमाणात प्रतिनिधी. म्हणजे तुमचा क्लेम अडवणारा माणूस दुसऱ्या दिवशी कारखान्यात तुमच्या शेजारच्या यंत्रावर भेटायची शक्यता. कस्टमर केअरची गरज पडली नसावी. ;)

खवचट_खंडू

कस्टमरचीच केअर करावी लागली असेल, मलमपट्टीची.

काउंटर_क्रमांक_दोन

मी हॉस्पिटलच्या विमा डेस्कवर बसते, म्हणजे दोन्ही बाजूंच्या शिव्या खाणारी. कंपनीवाले म्हणतात हॉस्पिटलने कागद नीट पाठवले नाहीत, पेशंट म्हणतो तुमची आणि कंपनीची मिलीभगत आहे.

डिस्चार्जचा दिवस सांगते. सकाळी राउंडला डॉक्टर सांगून जातात, आज घरी. सलाइनची सुई काढलेली, हातावर कापसाचा बोळा आणि चिकटपट्टी. पेशंट घरचे कपडे घालून पलंगाच्या कडेवर, भरलेली पिशवी पायाशी. अंतिम बिल मी कंपनीला पाठवलेलं असतं. दुपारी कंपनीचा प्रश्न येतो: पहिल्या तपासणीची चिठ्ठी पाठवा. पाठवते. दोन तासांनी दुसरा प्रश्न: एक्स-रेचा रिपोर्ट पाठवा. तोही पाठवते. संध्याकाळी तिसरा. हे तिन्ही प्रश्न पहिल्यांदाच एकत्र विचारता आले असते ना? तोवर पेशंट पलंगाच्या कडेवरून माझ्या काउंटरसमोरच्या खुर्चीत आलेला असतो आणि माझ्याकडे एकटक बघत असतो.

वर किड्याने संशोधन दिलंय तर मीही एक देते. १९९६ मध्ये रेडेलमायर आणि काहनेमन यांनी कोलोनोस्कोपीच्या पेशंटना तपासणी चालू असताना दर मिनिटाला किती दुखतंय ते विचारलं आणि नंतर एकूण किती त्रास झाला तेही विचारलं. नंतरची आठवण ठरली ती सर्वात जास्त दुखलेल्या क्षणावर आणि शेवटच्या काही मिनिटांवर. तपासणी एकूण किती वेळ चालली याचा फारसा संबंध नव्हता. आता आठवडाभर नर्सनी जीव लावून काळजी घेतलेली असो, पेशंट काय लक्षात ठेवून घरी जाणार? माझं काउंटर.

डॉक्टर, मला खरंच समजून घ्यायचंय, प्रश्न एकेक करून का पाठवता?

क्लेमवाला_डॉक्टर

उत्तर द्यायला दोन दिवस लावले, कारण नक्की करून लिहावं म्हटलं.

आमचं घड्याळ फाइल आमच्या टेबलावर असताना चालतं. प्रश्न पाठवला की ते थांबतं, तुमचं उत्तर आलं की नव्याने सुरू होतं. आणि तुमचं उत्तर ज्या फाइलला येतं ती आधीच्याच माणसाकडे जाईल असं नाही, जो मोकळा त्याच्याकडे. तो पहिल्या पानापासून बघतो आणि त्याला काहीतरी नवीन खटकतं. कुणी मुद्दाम छळत नाही. प्रत्येक जण आपापल्या वाट्याचं काम वेळेत करतो. आमच्या अहवालात तो तुमचा पेशंट तीन वेळा, तिन्ही वेळा वेळेच्या आत, असा दिसतो.

दप्तरदिरंगाई काकांना मनात हसलो होतो. आता नाही हसत.

संध्याछाया

मग घड्याळ पेशंटच्या पलंगाला बांधा की. डिस्चार्ज सांगितल्यापासून तो दारातून बाहेर पडेपर्यंत.

रांगेचं_गणित

+१००. अख्ख्या धाग्यात याहून चांगलं वाक्य नाही.

तिसऱ्या_मजल्यावरचा

आणि नकाराचं पत्र लिहिणाऱ्याला महिन्यातून एक दिवस आमच्याकडे फोनवर बसवा. 'कलम ४.२ (ख) अन्वये अग्राह्य' म्हणजे काय ते एकदा रडणाऱ्या माणसाला तोंडी समजावून सांगू दे.

ज्योत्स्ना_क

हो! नकार पचवता येतो. का ते सांगा, कुठल्या कागदाने बदलू शकतो ते सांगा, आणि कशानेच बदलणार नसेल तर तेही सांगा. मला आशेवर ठेवू नका. पहिल्या चौघांनी "बघतो मॅडम" म्हणून मला महिनाभर आशेवर ठेवलं, तो राग अजून आहे.

हेडफोनधारी

मंडळी, परत आलो. धागा निघून दोन आठवडे झाले, काल सूचना दिल्या. काय झालं ते सांगणं तुमचा हक्क आहे.

मधल्या काळात एक उद्योग केला. परवानगी मागितली असती तर मिळाली नसती, म्हणून मागितली नाही. एका दुपारी माझ्या दोन पोरी क्लेम विभागात नेऊन बसवल्या आणि तिथला एक मुलगा आमच्याकडे आणून त्याला हेडफोन दिला. फोन पोरींपैकी एक घेत होती असं कागदावर, प्रत्यक्षात तो ऐकत होता.

पोरींना कळलं ते असं. 'कागदपत्रे अपूर्ण' हे पत्र पाठवताना कुठला कागद कमी आहे ते लिहायला जागा आहे. ती दुसऱ्या पानावर आहे. क्लेमवाले ती व्यवस्थित भरतात. पण ग्राहकाला ई-मेल जाताना पत्राचं फक्त पहिलं पान जातं. कधीपासून ते कुणालाच माहीत नाही. क्लेमवाल्यांना वाटत होतं लोक पत्र वाचत नाहीत, लोकांना वाटत होतं कंपनी सांगत नाही, आणि मधे आम्ही सगळ्यांना सॉरी म्हणत होतो.

आमच्याकडे बसलेला मुलगा तासाभराने हेडफोन काढून म्हणाला, "हे रोज करता तुम्ही?" एवढंच. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून आम्हाला त्याच्या टेबलाचा एक्स्टेंशन नंबर दिला. एंगेजमेंट म्हणतात ती हीच का, शत्रूताई?

एचआर_मधली_शत्रू

हीच. पण मी अहवालात लिहू शकत नाही, परवानगी नव्हती ना.

हेडफोनधारी

तर दिलेल्या सूचना. पत्राचं दुसरं पान जोडणं (आयटीने एका तासात केलं, मला अर्धं रडू आलं). कारणांच्या यादीत 'आमच्याकडून राहिल्यामुळे आलेला फोन' सर्वात वर. प्रश्न विचारायचे ते एकदाच आणि फाइल परत त्याच माणसाकडे. यावर क्लेम विभागप्रमुख म्हणाले, विचार करू. घड्याळ पलंगाला बांधायची कल्पना मी संध्याछायाताईंचं नाव न घेता मांडली, सगळे हसले, मग एक जण हसायचा थांबला. तो फायनान्सचा निघाला. मृत्यू झालेल्या घरच्या फोनला वेळ आणि समारोपाचं वाक्य लागू नाही, हे लगेच मान्य झालं, मुक्ताताई. कुणी विरोध केला नाही. इतकी वर्षं कुणी मागितलंच नव्हतं म्हणे.

एर्लांगचं पान वाचून मोठे साहेब म्हणाले, हे कोपनहेगनला चालत असेल. तिसऱ्या मजल्यावरच्या मित्राच्या कराराचा विषय मात्र मी काढला नाही. धीर झाला नाही, खरं सांगतो.

तिसऱ्या_मजल्यावरचा

चालायचंच. नोकरी टिकवा, पुढच्या वर्षी काढा.

काउंटर_क्रमांक_दोन

दुसरं पान मिळालं! आज सकाळी. मी तर घाबरलेच, म्हटलं हे कुठलं नवीन पत्र.

हेडफोनधारी

ता.क. आत्ताच एंगेजमेंट समितीची मेल आली. सर्वांनी शुक्रवारपर्यंत टी-शर्टचं माप कळवावे.

खवचट_खंडू

एक साइज मोठाच मागवा, धुतल्यावर आटतात. आणि एक तिसऱ्या मजल्यावर पाठवा.